आंबा सापडेना

शोधाच्या चौकटीत 'आंबा' टाइप केलं आणि पडद्यावर आलं: एकही पुस्तक सापडलं नाही. यादीत नावात 'आंबा' असलेली अकरा पुस्तकं होती, चाचणीसाठी मीच निवडून ठेवलेली. इंग्रजी पुस्तकं सगळी सापडत होती. प्रोग्रॅम कुठे अडकला नव्हता, बंद पडला नव्हता, लॉगमध्ये तक्रारीची एक ओळ नव्हती. मुकाट्याने मराठी तेवढं विसरला होता.

मी विक्रोळीतल्या एका छोट्या कंपनीत काम करते. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी आम्ही शोधयंत्रं बनवतो. उभ्या खांबावर टचस्क्रीन, पाठीमागे वहीएवढा डबा, आणि त्या डब्यात ग्रंथालयाची पूर्ण यादी. वाचक पुस्तकाचं नाव किंवा विषय मराठीत टाकतो, त्याला कपाटाचा नंबर मिळतो. आतला प्रोग्रॅम सी आणि सी++ मधला आहे आणि त्याचा गाभा पंचवीस वर्षांहून जुना आहे. इतकी वर्षं तो इंटेल आणि एएमडीच्या चिपवर, म्हणजे एक्स८६ घराण्यातच नांदला. पुढची यंत्रं रिस्क-फाइव्ह या वेगळ्या घराण्यातल्या चिपवर काढायची असं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं.

रिस्क-फाइव्हची सुरुवात २०१० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीमधल्या प्रयोगशाळेत झाली. चिपला कोणत्या सूचना कळाव्यात याची ही यादी सगळ्यांना खुली आहे, ती वापरण्यासाठी परवान्याचे पैसे मोजावे लागत नाहीत. आयआयटी मद्रासची 'शक्ती' आणि सी-डॅकची 'वेगा' या आपल्याकडच्या चिप याच यादीवर उभ्या आहेत. आमच्या शेजारच्या पवईतल्या आयआयटीत घडलेला 'अजित' मात्र स्पार्क घराण्यातला. त्यावर जायचं असतं तर मोठ्या आकड्याचे बाइट उलट्या क्रमाने साठवण्यातली वेगळीच भुतं भेटली असती. रिस्क-फाइव्ह आणि एक्स८६ यांचा बाइटचा क्रम एकच, त्यामुळे तेवढं संकट टळलं. डेबियन नावाच्या लिनक्सच्या स्थिर आवृत्तीतही रिस्क-फाइव्ह ऑगस्ट २०२५ मध्ये, डेबियन १३ पासून, अधिकृतपणे आलं. हेच आम्ही थांबून राहण्याचं मुख्य कारण होतं.

रिस्क-फाइव्ह चिप असलेल्या बोर्डची ऑर्डर दिली, यायला दीड महिना लागणार होता. तोवर क्यूएमू होतं. फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये लिहायला घेतलेलं हे सॉफ्टवेअर एका चिपसाठी बांधलेला प्रोग्रॅम दुसऱ्या चिपवर चालवतं. याला मी दुभाषा म्हणते. रिस्क-फाइव्हच्या सूचनांचा छोटा तुकडा उचलायचा, आपल्या लॅपटॉपच्या चिपला कळतील अशा सूचनांत तो उतरवायचा, आणि तोच तुकडा परत आला तर पुन्हा भाषांतर न करता लिहून ठेवलेलं वापरायचं. याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत अख्खा संगणक उभा करता येतो, त्यात स्वतःचं लिनक्स चालू होतं. दुसरीत फक्त आपला प्रोग्रॅम भाषांतरित होतो, आणि फाइल उघडणं वगैरे कामं थेट आपल्याच लिनक्सकडे जातात. मी दुसरी तऱ्हा घेतली, कारण ती बरीच वेगवान आहे. लिनक्सला एकदा सांगून ठेवलं की तो फाइलचं डोकं बघूनच 'ही रिस्क-फाइव्हची आहे' असं ओळखतो आणि क्यूएमूला हाक मारतो. मग रोजच्यासारखीच चाचण्यांची कमांड द्यायची.

बांधणीतले अडथळे किरकोळ होते. एका जुन्या लायब्ररीच्या बांधणीच्या स्क्रिप्टला रिस्क-फाइव्ह हे नावच माहीत नव्हतं, तिथे नवी फाइल ठेवली. प्रोग्रॅमचे तुकडे जोडणाऱ्या लिंकरने एका बाइटच्या अ‍ॅटॉमिक क्रियेवरून नाराजी दाखवली, 'लिबअ‍ॅटॉमिक' जोडल्यावर तो शांत झाला. दोन दिवसांत प्रोग्रॅम चालू लागला, आणि तिसऱ्या दिवशी आंबा हरवला.

तो जुलैचा आठवडा होता. कुर्ला-शीवच्या मध्ये रुळांवर पाणी, लोकल बंद, मी मुलुंडला घरीच. ऑफिसातला नवा मुलगा त्याच्या घरून फोनवर होता. "ताई, यूटीएफ-८ वाचण्यातच काहीतरी गडबड असेल, मी ती लायब्ररी बदलून बघू का?" यूटीएफ-८ म्हणजे मराठीसकट सगळ्या लिप्यांची अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची पद्धत. मी त्याला थांबवलं. कारण कळायच्या आधी वस्तू बदलत सुटलं की दोष लपतो, जात नाही. हे मी त्याला सांगितलं, आणि पुढे मीच ते विसरले, ते ओघात येईलच.

क्यूएमूची सगळ्यात मोठी सोय अशी की त्याला प्रोग्रॅम पहिल्याच सूचनेवर रोखून डीबगरची, म्हणजे चालत्या प्रोग्रॅमच्या आत डोकावू देणाऱ्या साधनाची, वाट बघायला सांगता येतं. मी पडद्यावर दोन खिडक्या उघडल्या. डावीकडे लॅपटॉपवरचा नेहमीचा प्रोग्रॅम जीडीबी या डीबगरमध्ये, उजवीकडे तोच प्रोग्रॅम क्यूएमूत, त्याला अनेक चिप कळणारा जीडीबी जोडलेला. दोन्हीकडे तोच शब्द, तीच ओळ. 'आंबा' यूटीएफ-८ मध्ये बारा बाइटचा आहे. त्यातल्या 'आ'चे तीन बाइट ई०, ए४, ८६. पहिल्या बाइटवर दोन्हीकडे थांबले आणि विचारलं, या चलाची किंमत काय? डावीकडे उत्तर आलं उणे ३२. उजवीकडे २२४.

बाइट तोच, आठही बिट तेच. फरक वाचण्यातला होता. सी भाषेतला 'कॅर' हा प्रकार चिन्हासहित धरायचा की चिन्हाविना, हे भाषेच्या प्रमाणग्रंथाने कंपायलर, म्हणजे कोड चिपच्या सूचनांत उतरवणारा प्रोग्रॅम, बनवणाऱ्यांवर सोडलं आहे. लिनक्सवर एक्स८६ मध्ये तो चिन्हासहित, म्हणजे उणे १२८ ते १२७. रिस्क-फाइव्हवर, आणि आर्मवरही, चिन्हाविना, ० ते २५५. आणि आमच्या गाभ्यात ओळ होती: हा बाइट शून्यापेक्षा लहान असेल तर देवनागरीच्या वाटेने जा. रिस्क-फाइव्हवर कुठलाच बाइट शून्यापेक्षा लहान नसतो. मी त्या फंक्शनच्या सूचना उलगडून बघितल्या. तिथे बाइट उचलणारी 'एलबीयू' ही सूचना होती, चिन्हाविना उचलणारी, आणि तिच्यापुढे अटच नव्हती. जी अट कधी खरी ठरणार नाही ती कंपायलरने काढून टाकली होती, आणि तिच्यासकट देवनागरीची अख्खी वाट. आमचा कंपायलर जीसीसी याचा इशारा देतो, पण तो नेहमीच्या 'वॉल' या कळीने येत नाही, 'एक्स्ट्रा' ही कळ चालू केल्यावर येतो, आणि ते आम्ही कधी केलं नव्हतं.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण माझे दोन दिवस तिने वाचले असते. जीसीसीला लॅपटॉपवरच 'कॅर चिन्हाविना धर' असं सांगता येतं. तसं बांधलं आणि एक्स८६ वरही आंबा हरवला. म्हणजे निदान पक्कं झालं, क्यूएमूशिवाय. याची उलट कळही आहे. रिस्क-फाइव्हवर कॅर चिन्हासहित धरायला सांगितलं की सगळं एका ओळीत 'दुरुस्त' होतं. मी ती कळ तपासण्यापुरती वापरली आणि काढून टाकली. कुठल्यातरी बांधणीच्या फाइलीतल्या एका शब्दावर मराठी शोध टांगून ठेवणं मला पटत नाही. उद्या ती फाइल कुणी नव्याने लिहिली तर आंबा पुन्हा जाईल. म्हणून प्रत्येक जागी वरचा बिट उघडपणे तपासणारी अट लिहिली. अशा जागा एकोणीस निघाल्या.

दुसरा दोष आणखी विचित्र होता. आंबा परत आला, पण आता कोणताही शब्द टाकला की यादीत पहिलं तेच एक पुस्तक यायचं. स्कॅन केलेलं, मजकुराची नोंद नसलेलं, शब्दसंख्या शून्य. आमची क्रमवारी प्रत्येक पुस्तकाला गुण देते, त्यात शब्दसंख्येने भागाकार आहे. शून्याने पूर्णांकाचा भागाकार केला की एक्स८६ अपवाद उठवते आणि लिनक्स प्रोग्रॅमला सिगएफपीई हा संकेत पाठवतं. रिस्क-फाइव्हवर असं काहीच होत नाही. रचना करणाऱ्यांनी ते विचारपूर्वक ठरवलं आहे: भागाकाराने चिपला अडवायचं नाही, उत्तरात सगळे बिट १ करून द्यायचे, ज्याला पर्वा आहे त्याने आधी तपासावं. आमचा गुण चिन्हाविना ३२ बिटांचा. सगळे बिट १ म्हणजे ४२९४९६७२९५. त्याहून मोठा गुण कुणाला मिळणार?

पण मग एक्स८६ वर इतकी वर्षं प्रोग्रॅम कोसळला कसा नाही? शोधलं तर गाभ्यात सिगएफपीई पकडणारं फंक्शन निघालं. संकेत आला की ते नोंद सोडून पुढच्या पुस्तकावर उडी मारत होतं. शून्य शब्दांची पुस्तकं गाळण्याची आमची पद्धत ही होती! वर टिपणात दोन आद्याक्षरं आणि साल, १९९९.

ती आद्याक्षरं ज्यांची, ते काका निवृत्त होऊन गिरगावात राहतात. फोन केला तर म्हणाले, "अगं, फोनवर काय, घरी ये." रविवारी चर्नी रोडला उतरून गेले. चाळीचा तिसरा मजला, लाकडी जिना, दारातच चपलांची मांडणी. मी कागदावर दोन्ही ओळी लिहून नेल्या होत्या. त्यांनी चष्मा बदलला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि उठून कपाटाचं दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला पिवळा पडलेला तक्ता चिकटवलेला होता. इस्की, १९९१ चं मानक. युनिकोड आपल्याकडे रुळण्याआधी भारतीय लिप्या याच मांडणीत साठवत. खालच्या १२८ जागा इंग्रजीच्या, वरच्या अर्ध्यात आपली अक्षरं.

"'क' म्हणजे १७९," ते तक्त्याकडे न बघता म्हणाले. "त्या मशीनवर तो उणे ७७ दिसायचा. मग उणं आलं की देवनागरी. एक तुलना, विषय संपला. तेव्हाच्या मशीनवर एकेक तुलना मोजून करावी लागायची."

पुढे कुणीतरी सगळं यूटीएफ-८ मध्ये आणलं, आणि तिथेही देवनागरीचा प्रत्येक बाइट वरच्या अर्ध्यातच पडत असल्याने ती ओळ चालत राहिली. तिचं कारण गेलं, ती राहिली. भागाकाराचंही तसंच. प्रत्येक पुस्तकाला 'शून्य आहे का' विचारण्यापेक्षा क्वचित येणारा संकेत पकडणं त्यांना स्वस्त पडत होतं. मला ते ऐकून या माणसाबद्दल आदरच वाटला. त्यांनी चिप ओळखून लिहिलं होतं. फक्त ती ओळख कुठे लिहून ठेवली नव्हती.

चहा झाला, मी निघाले, आणि जिन्यापर्यंत आलेले काका थांबले. "जुन्या इस्की फायली अजून वाचता का तुम्ही? मग तो तक्ताही बघ. मी १२८ मिळवून घ्यायचो."

मला उलगडा झाला तो लोकलमध्ये. जुन्या ग्रंथालयांच्या याद्या अजूनही इस्कीत येतात, त्या आत घेताना २५६ घरांच्या तक्त्यातून अक्षर काढलं जातं. घर क्रमांक म्हणजे बाइट अधिक १२८. उणे १२८ ते १२७ असेल तर ० ते २५५, बरोबर बसतं. बाइट १७९ आला की घर ३०७, तक्त्याच्या बाहेर. आमच्या चाचण्यांत एकही इस्की फाइल नव्हती, म्हणून क्यूएमूत हे दिसलंच नव्हतं. त्या रात्री एक जुनी यादी शोधून चालवली. अक्षरांच्या जागी कचरा.

ऑगस्टच्या मध्यावर बोर्ड आलं. तोवर क्यूएमूत सगळ्या चाचण्या हिरव्या होत्या. बोर्डवरही पहिल्या दिवशी सगळं हिरवं. दुसऱ्या दिवशी दुपारी नव्या पुस्तकांच्या नोंदी आत येत असताना शोधाच्या यादीत एक ओळ कोरी आली. कपाट क्रमांक शून्य, नाव नाही. पुन्हा तोच शोध केला, नाव होतं. मग दोन तास काही नाही, मग पुन्हा एक कोरी ओळ. क्यूएमूत तोच प्रसंग दोन दिवस सलग फिरवत ठेवला. एकदाही नाही.

मी बोर्डला दोष दिला. अ‍ॅडॉप्टर बदलला, मेमरी कार्ड बदललं, उष्णतेचा संशय घेऊन पंखा लावला. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी त्याच मुलाने जेवताना विचारलं, "ताई, क्यूएमू शेवटी चालतंय कशावर? आपल्या इंटेलवरच ना?"

मी डबा तसाच ठेवला आणि जागेवर गेले.

प्रोग्रॅममध्ये एक धागा, म्हणजे इतरांसोबत एकाच वेळी चालणारं काम, नव्या पुस्तकाची नोंद भरतो आणि भरून झाल्यावर 'तयार' असा झेंडा वर करतो. दुसरा धागा झेंडा बघतो आणि नोंद वाचतो. ग्रंथालयातल्या भाषेत, आधी पुस्तक कपाटात ठेवायचं, मग त्याचं कार्ड ड्रॉवरमध्ये. एक्स८६ चा नियम कडक आहे. एका कोअरने, म्हणजे चिपमधल्या एका स्वतंत्र गणकाने, ज्या क्रमाने लिहिलं त्याच क्रमाने ते इतरांना दिसतं. कार्ड दिसलं म्हणजे पुस्तक कपाटात आहेच. रिस्क-फाइव्हचा नियम सैल आहे. क्रम राखा असं स्पष्ट सांगितलं नसेल तर कार्ड आधी दिसू शकतं आणि पुस्तक मागून, किंवा वाचणारा कोअर कार्ड बघण्याआधीच कपाटात डोकावून येऊ शकतो. आमच्या झेंड्याला 'व्होलटाइल' लावलेलं होतं. त्याने कंपायलर आवरतो, दोन कोअरमधला क्रम आवरत नाही.

आणि क्यूएमू? दुभाष्याने शब्द सगळे रिस्क-फाइव्हचे नीट उतरवले, पण ते बोलले गेले इंटेलच्या तोंडून, आणि बोलण्याची शिस्त इंटेलच्या घरचीच राहिली. सैल नियमाने जे बिघडतं ते कडक नियमाच्या चिपवर दिसणं शक्यच नव्हतं. दोन दिवस काय, दोन वर्षं फिरवलं असतं तरी.

समजलं म्हणून सिद्ध झालं असं नाही. मी वीस ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, दोन धागे, एक आकडा, एक झेंडा, आणि 'झेंडा वर पण आकडा जुना' असं किती वेळा दिसतं त्याची मोजणी. लॅपटॉपवर शून्य, क्यूएमूत शून्य. बोर्डवर कोट्यवधी फेऱ्यांत मोजकेच, पण होते. तो आकडा शून्यावरून हलताना बघितला तेव्हा चार दिवसांची सगळी चिडचिड उतरली.

दुरुस्ती छोटी होती. झेंडा अ‍ॅटॉमिक केला, क्रम राखण्यासाठी लिहिताना 'रिलीज' आणि वाचताना 'अ‍ॅक्वायर' सांगितलं. सूचना उलगडल्यावर दोन्हीकडे 'फेन्स', म्हणजे क्रम राखायला लावणारी सूचना, दिसली, लिहिणाऱ्याकडे झेंड्याच्या आधी, वाचणाऱ्याकडे झेंड्याच्या नंतर. एक्स८६ वर त्याच कोडमधून जादा सूचना एकही निघाली नाही, तिथे ती गरजच नव्हती. त्यानंतर गाभ्यावर थ्रेड सॅनिटायझर चालवला. तो क्रम बिघडण्याची वाट बघत नाही, दोन धागे कुलूप न लावता एकाच जागी शिवले की तक्रार करतो, त्यामुळे लॅपटॉपवरही उपयोगी पडतो. त्याने आणखी तीन जागा दाखवल्या. तो बोर्ड येण्याआधीच चालवायला हवा होता.

आता आमची घडी अशी आहे. रोजचं काम क्यूएमूत, कारण तिथे प्रोग्रॅम हव्या त्या सूचनेवर थांबवून दोन चिपचं वागणं शेजारी शेजारी बघता येतं, ते बोर्डवर इतकं सोपं नाही. एकाहून जास्त धाग्यांच्या चाचण्या रात्री बोर्डवर. आणि चाचण्यांत गिरगावच्या तक्त्यावरून बनवलेली एक इस्की यादी.

दुरुस्तीनंतर बोर्ड तीन रात्री सलग चालवलं. चौथ्या सकाळी लॉगमध्ये कोरी ओळ नव्हती, तेव्हा काकांना फोन लावला. तक्त्याची चूक सापडली, त्यांनी सांगितलं तिथेच होती, हे सांगितलं. ते म्हणाले, ती ओळ वाचून दाखव. मी जुनी वाचली, मग नवी. थोडा वेळ पलीकडे काही आवाज नव्हता.

"माझं नाव आहे ना वर अजून?"

"आहे काका. आद्याक्षरं आणि साल."

"मग खाली तुझंही लिही. आणि 'क' १७९ का, तेही लिही. पुढच्याला गिरगावात यायला लागू नये."

त्या दिवशी दुपारी टिपण लिहिलं, साडेचार ओळींचं, मराठीत.